पीठ पांढरं नव्हतं

मी बेंगळुरूहून बोलतोय. या मालिकेत माझ्याआधी बऱ्याच जाणत्या माणसांनी कवितेवर बोलून झालं आहे. मी काही समीक्षक नाही. सैन्यात नोकरी केली, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि मग हातात वेळ आला तेव्हा चार-चार ओळींच्या कविता लिहायला लागलो. घरातल्या आठवणी, गावाकडचं जुनं जगणं, कंदील, एसटी, पत्रं असे साधे विषय. आज मी त्यातल्या काही वाचणार आहे. पण मुख्यतः एका चुकलेल्या कवितेविषयी बोलणार आहे. ती चूक माझी होती आणि ती माझ्या लक्षात आणून दिली माझ्या थोरल्या बहिणीनं, जिचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे.

आधी एक सोपी कविता ऐका, म्हणजे मी कुठल्या जातीचं लिहितो ते कळेल.

कंदिलाची काच पुसायला
घरात माझाच हात मावायचा.
काजळीचा तो काळा अंगठा
पाटीवर उमटून राहायचा.

एवढंच. यात मोठं काही नाही. पण ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना माहीत आहे की काच पुसायचं काम घरातल्या लहान पोराकडे असायचं. मोठ्या माणसाचा हात काचेत जात नाही. चिमूटभर राख आणि फडकं घेऊन बसायचं. काच फुटली की मार ठरलेला. ही कविता मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तेव्हा पुण्यातल्या, नाशिकच्या, अगदी न्यू जर्सीतल्या भाचरांनीही अंगठे दाखवले. मला बरं वाटलं. आणि असं बरं वाटलं की माणूस जरा सैल होतो. मग मी जात्यावर लिहिलं.

पहाट झाली, जातं घुमलं,
ओवीत आईची माया.
शुभ्र पिठाचं ते चांदणं
आता कुठून आणाया?

यालाही अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. एका भाच्यानं तर मागे जात्याचं चित्र घालून ती पुढे पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, आमच्या गावापासून जवळच तिचं सासर आहे.

म्हणाली, "वाचली तुझी कविता. ब्येस हाय. पन एक इचारू?"

म्हटलं, विचार.

"तू साताऱ्याला गेलास त्याच्या आदलं वरीस आठीव. त्या सालात पीठ पांढरं हुतं व्हय रं?"

मी गप्प. मग तीच बोलत राहिली. "मिलो हुता. तांबडा. त्याची भाकर थापताना तुटायची. आन् आई कुठली पहाटं जात्यावर? आई आन् आबा दीस उगवायच्या आत तलावाच्या कामावर जायची. जातं म्या वडायची. तू वाकळंत झोपल्याला असायचास."

रागानं बोलली नाही. हिशेबातली चूक दाखवावी तसं बोलली. शेवटी म्हणाली, "असू दे. कविता हाय." आणि फोन ठेवला.

मंडळी, त्या चार ओळींत माझ्या तीन चुका होत्या. पिठाचा रंग चुकला, दळणारी बाई चुकली, आणि त्या वर्षी घरात ओवी नव्हतीच, ती मी घातली. सैन्यात एखाद्या तरुण अधिकाऱ्यानं टेहळणीचा असा अहवाल आणला असता तर मी त्याला परत पाठवला असता.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७२ चा दुष्काळ. माण-खटाव हा मुळातच कमी पावसाचा पट्टा, आणि त्याच्या आधीही पाऊस धड झालेला नव्हता. बहात्तरला खरीप गेलं, रब्बी गेली, विहिरींनी तळ गाठला. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते, खडी फोडणं. गावंच्या गावं, बाया-माणसं, टिकाव-पाट्या घेऊन कामावर. खायला रेशनवर परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तांबड्या रंगाची ज्वारी. पोरांना आणि कामावरच्या माणसांना सुकडी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे साऱ्या देशानं त्यावरून धडा घेतला. हा झाला इतिहास. आमच्या घरातला इतिहास असा की आई आणि आबा दोघंही कामावर जायचे, आणि घर, पाणी, भाकरी आणि मी, असं सगळं चौदा वर्षांच्या अक्कावर पडलं.

गावात डिझेलच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. तिची पुकपुक शिवारापर्यंत ऐकू यायची. पण दळणाला पैसे पडायचे, आणि त्या वर्षी तेवढे पैसेही वाचवायचे होते. म्हणून माळवदाच्या कोपऱ्यातलं जातं पुन्हा चालू झालं. जातं नीट ओढायला दोघी लागतात, समोरासमोर बसून, एका खुंट्याला दोघींचे हात. अक्का बहुतेक दिवस एकटी ओढायची.

त्याच वर्षी मी सैनिक स्कूलची परीक्षा दिली. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. आमच्या मास्तरांनी आबांच्या मागे लागून माझा अर्ज भरून घेतला. मी पास झालो, शिष्यवृत्तीही मिळाली. तरी ट्रंक, कपडे, बूट यांचा खर्च होताच. अक्का नुकतीच सातवी पास झाली होती. आठवीची शाळा पाच किलोमीटरवर. तिचं नाव आठवीत घातलंच नाही. घरात कुणी त्यावर बैठक घेतली, चर्चा केली असं काही झालं नाही. ते आपोआप ठरलं. जून १९७३ मध्ये मी ट्रंक घेऊन एसटीत बसलो. ती ट्रंक स्टॅंडपर्यंत डोक्यावर घेऊन अक्काच आली होती, हेही मला तिनंच परवा आठवण करून दिलं.

आता प्रश्न असा की मला हे सगळं माहीत असून माझ्या कवितेत पांढरं पीठ आलं कुठून? मी यावर बराच विचार केला. दुष्काळाच्या आधी, मी पाच-सहा वर्षांचा असताना, आई आणि शेजारच्या काकू पहाटे दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या हे खरं आहे. ते मी ऐकलं आहे. त्या सुखाच्या आठवणीत पुढच्या सात-आठ वर्षांतलं सगळं जातं माझ्या मनानं ओतून टाकलं. त्यात पाठ्यपुस्तकांतली चित्रं मिसळली, सिनेमातली जाती मिसळली. आणि झोपलेल्या पोराला तर जात्याचा आवाज गोडच लागतो. ज्याच्या हाताला फोड येतो त्याला विचारलं पाहिजे.

या निमित्तानं मी ओवीविषयी थोडं वाचलं. त्यातलं काही तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण चार ओळींत घरचं बोलायची आपली रीत फार जुनी आहे. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'मुळे चारोळी घराघरांत गेली, शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच्या कितीतरी आधी बायका जात्यावर हेच करत होत्या. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. म्हणजे आपल्या ओवीची ही जुनी नोंद कर्नाटकात बसून झालेली आहे. इथल्या मराठी मंडळींना हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ग्रंथ सांगितला तो ओवीतच. ती ग्रंथाची ओवी आणि जात्यावरची ओवी यांची घडण वेगळी आहे, पण नाव एकच आहे.

साने गुरुजींनी बायकांच्या तोंडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य इथेच घालवलेले गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी रात्री बसून त्या ऐकल्या. माझा समज होता की ओवी म्हणजे माया, माहेर, विठ्ठल. ते आहेच. पण नवऱ्याचा मार आहे, सासूचा जाच आहे, मुलगी झाली म्हणून ऐकलेली बोलणी आहेत, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. पहाटेच्या त्या तासाभरात पुरुष झोपलेले असायचे, जात्याच्या घरघरीत शब्द दबायचे, म्हणून तिथे खरं बोलता यायचं. ओवी गोड होती ती सुरानं. आतला मजकूर बऱ्याचदा कडू आहे.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेतात आणि घरात काम करता करता रचायच्या. लिहून ठेवलं ते मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातेवाइकानं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात सोपानदेवांविषयी आदर दाटला आणि स्वतःची लाज वाटली. का, ते सांगतो.

१९८८ साली मी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो. कॅप्टन होतो, नुकतंच लग्न झालेलं. पत्रं ५६ एपीओच्या पत्त्यावर यायची. आईला लिहिता येत नव्हतं. अक्का माहेरी आली की आई सांगायची आणि अक्का लिहायची. निळं अंतर्देशीय. सगळी खुशाली, गुरं, पाऊस, कुणाचं लग्न, हे लिहून झालं की कडेला जी जागा उरायची तिथे आडवं धरून एक ओवी लिहिलेली असायची. आईनं सांगितलेली, तिनंच रचलेली. मी त्यावर लिहिलेली कविता अशी.

निळ्या पत्राला तीन घड्या,
कडेला डिंकाची रेघ.
आडव्या समासात आईची ओवी,
बंकरवर दाटला मेघ.

ती पत्रं आज माझ्याकडे नाहीत. पुढे एका बदलीच्या वेळी सामान आवरताना ट्रंक जड झाली म्हणून मी जुनी पत्रं काढली आणि मेसच्या मागे जाळली. कुणी सांगितलं नव्हतं, गरजही नव्हती. वीस-पंचवीस पत्रांचं वजन असतं तरी किती? पण तेव्हा वाटलं, आई आहे, अक्का आहे, पत्रं येतच राहतील. मग घरी टेलिफोन आला आणि पत्रं थांबली. आई १९९९ मध्ये गेली. तिच्या ओव्यांपैकी मला एक अर्धी ओळ आठवते. त्यात समुद्रापल्याडच्या लेकाच्या ठाण्याचा उल्लेख होता. पुढचं आठवत नाही. सोपानदेवांनी आईचे शब्द जपले, मी जाळले. आणि मग निवृत्तीनंतर आईच्या नावानं पांढऱ्या पिठाची कविता केली.

अक्काच्या त्या फोननंतर आठ दिवसांनी मी तिला फोन केला आणि ती समुद्राची ओवी विचारली. तिला ती आठवली नाही. "लई झाली रं, कंची म्हनून ध्यानात ठिवायची," म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "दुसऱ्या येत्यात. लिवून घेतोस का?"

मी कागद घेतला. त्या दिवशी तिनं सात ओव्या सांगितल्या. ती सावकाश सांगायची, मी लिहायचो, मध्येच एखादा शब्द पुन्हा विचारायचो. तिसऱ्या ओवीला माझ्या लक्षात आलं की पस्तीसेक वर्षांपूर्वी आई सांगत होती आणि अक्का लिहीत होती, तोच हा प्रकार. फक्त लेखनिक बदलला. आजवर अडतीस झाल्या आहेत. त्यातल्या काही आईच्या, काही काकूंच्या, आणि काही, बरंच विचारल्यावर तिनं कबूल केलं, तिच्या स्वतःच्या. त्या मी इथे वाचणार नाही. त्या वाचायचा मान तिचा आहे. तिनं होकार दिला तर या मालिकेत तिलाच बोलवा, अशी मी संयोजकांना विनंती केली आहे.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कन्नड आज्जी राहतात, विजापूरकडच्या. मी त्यांना हा प्रकार सांगितला तर त्या हसल्या आणि त्यांनी बीसुव कल्लिन पद, म्हणजे जात्यावरचं गाणं, म्हणून दाखवलं. ते तीन चरणांचं, त्रिपदी. त्याच विजापूर जिल्ह्यात, सोलापूरच्या सीमेजवळ, हलसंगी नावाचं गाव आहे. तिथल्या मधुरचेन्न आणि त्यांच्या मित्रांनी बायकांची अशी गाणी जमवून 'गरतिय हाडु' हे पुस्तक केलं, कन्नडमध्ये ते फार मानलं जातं. भीमेच्या अलीकडे ओवी, पलीकडे त्रिपदी, जातं मात्र एकच. आज्जींना मी विचारलं, दळताना हात दुखायचे का? त्यांनी तळहात पुढे केला. काही बोलल्या नाहीत.

आता माझ्यासारखे जे निवृत्तीनंतर आठवणींच्या कविता लिहितात, आणि या मालिकेच्या प्रेक्षकांत असे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी मी स्वतःला घातलेले चार नियम सांगतो.

पहिला. आठवण आली की आधी अहवाल लिहायचा. कोण, कुठं, केव्हा, किती. जातं असेल तर दळलं काय, दळलं कुणी, किती वाजता. कविता त्यानंतर.

दुसरा. त्या प्रसंगी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारायचं, शक्यतो ज्यानं काम केलं त्याला. ज्यानं जेवण केलं त्याची साक्ष कच्ची असते. आई गेली असेल तर मावशी, बहीण, वहिनी, कुणीतरी असतंच. आणि हे लवकर करायचं, कारण ती माणसंही सत्तरीच्या पुढे आहेत.

तिसरा. 'गेले ते दिवस' हे शब्द आले की लेखणी ठेवायची. ते दिवस कुणासाठी चांगले होते, हे तपासून मग पुढे जायचं. आमच्या लहानपणी पाणी चवदार होतं, खरं आहे. ते दोन मैलांवरून कुणी आणलं हेही त्याच चार ओळींत मावतं.

चौथा. कागद जाळायचा नाही.

आता शेवटची कविता. अक्काच्या फोननंतर पांढऱ्या पिठाची कविता मी ग्रुपवरून काढली. ती ज्या भाच्यानं पुढे पाठवली होती ती मात्र अजून कुठे कुठे फिरत असेल, त्याला इलाज नाही. तिच्या जागी ही लिहिली.

तांबडा मिलो, काळी पहाट,
खुंट्यावर अक्काचा हात.
तिचं दप्तर खुंटीला राहिलं,
मी शिकलो साताऱ्यात.

ही मी ग्रुपवर टाकण्याआधी अक्काला फोनवर वाचून दाखवली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दप्तर खुंटीला नव्हतं. त्यात आईनं बियाणं बांधून ठिवलं हुतं."

मी म्हटलं, मग बदलू का?

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "बाकी बरोबर हाय."

मी बदलणार आहे. बियाणं हे खुंटीपेक्षा चांगलं आहे आणि खरंही आहे. अजून चार ओळींत बसत नाही, प्रयत्न चालू आहे. बसलं की कळवीन.

आज संध्याकाळी वेळ मिळाला तर तुमच्या घरातल्या थोरल्या बहिणीला, आत्याला, वहिनीला एक फोन लावा. काही सांगू नका, विचारा. आणि शेजारी कागद ठेवा.